गोधडीखालचं नाक

द्रौपदी : म्हणजे चालत्या गाडीत झोपले होते?

रिया : नुसते झोपले असते तर मला कळलं पण नसतं, आजी. घोरत होते. सिग्नलला शेजारच्या व्हॅनमधल्या माणसानं काच खाली केली. त्याला वाटलं, आमच्या इंजिनचं काहीतरी झालंय.

भानुदास : मी फक्त डोळे मिटले होते. ऊन समोरून येत होतं.

रिया : मी तुम्हाला विचारलं, आजोबा, लेफ्ट घेऊ का राइट? तुम्ही म्हणालात, फाइल साहेबांच्या टेबलावर ठेव.

भानुदास : असं म्हणालो मी?

रिया : हो. मग मी लेफ्ट घेतलं आणि आपण डायरेक्ट मोटरवेवर. मला जायचं होतं आपल्या हिल्सबरोच्या लायब्ररीत. मोटरवेवरून बाहेर पडायची हिंमतच झाली नाही, पार लांबचं मनुरेवा आलं तरी.

द्रौपदी : अहो, सतरा वर्षांची नात, तिचं लायसन्स कच्चं. इथं न्यूझीलंडमध्ये शेजारी पक्क्या लायसन्सचा माणूस बसायला हवा म्हणून तुम्हाला बसवलंय. शोभेला नाही.

भानुदास : माणूस बसायला हवा एवढाच नियम आहे. जागा हवा असं कुठं लिहिलेलं नाही. मी ते पुस्तक पूर्ण वाचलंय.

द्रौपदी : पूर्ण? दुसऱ्या पानावर आडवे झालात. चष्मा मी काढला तुमच्या नाकावरचा.

रिया : बाबाला सांगू नका हां प्लीज. तो आजोबांना गाडीत बसू देणार नाही, मग मला शिकवणार कोण? मम्मी शेजारी बसली की पूर्ण वेळ दाराचं हँडल धरून ओरडते.

द्रौपदी : नागसेनला सांगायची गरजच नाही. त्यानं उद्याची डॉक्टरची वेळ घेऊन ठेवलीय. फेब्रुवारीत यांना पंच्याहत्तर पुरी होतात. पुढं गाडी चालवायची तर डॉक्टरनं लिहून द्यावं लागतं. आणि तो फोनवर काय म्हणाला तेही मी ऐकलंय. जमलं तर वडलांचं डोकंही बघा म्हणाला.

भानुदास : डोकं दुखतं माझं, ते खरं. कपाळ, भुवयांच्या वर. पण त्यात बघायचं काय?

द्रौपदी : दुखतं ते नाही. चालतं का ते. काल तुम्हाला कोपऱ्यावरच्या डेअरीत पावाला पाठवलं. तासाभरानं हात हलवत आलात आणि मलाच विचारलंत, आज पाव नाही का?

भानुदास : मला तू पाव म्हणाल्याचं ऐकूच आलं नव्हतं. फिरून ये म्हणालीस असं वाटलं.

द्रौपदी : आणि रविवारी मनुरेवाच्या हॉलमध्ये? बुद्धवंदना संपली, सगळे उठले, चहाला गेले. हे हात जोडून, मान खाली घालून बसलेलेच. आपल्या सुनेची, विनयाची मैत्रीण मला हळूच म्हणते, काकांची ध्यानात फार प्रगती झालीय हो.

भानुदास : मग तू काय म्हणालीस?

द्रौपदी : काय म्हणणार? रात्रंदिवस सराव चालू असतो म्हटलं.

रिया : आजी, हे डोक्याचं नसेल पण. आजोबा बारा महिने शिंकतात. सकाळी उठल्या उठल्या अलार्मसारखे. मला वाटतं ॲलर्जी आहे.

द्रौपदी : झालं. ॲलर्जी. तुझ्या वर्गात एकाला शेंगदाणा चालत नाही, एकीला दूध चालत नाही, त्या स्वरदाला मांजर चालत नाही. आमच्या नाशिकरोडला कुणाला ॲलर्जी नव्हती.

रिया : कुणालाच नाही?

द्रौपदी : कुणालाच नाही. सर्दी होती. दमा होता. पोरांचे कान वाहायचे, बायांची डोकी दुखायची, आमच्या सासूबाई तोंड उघडं टाकून अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असं घोरायच्या. पण ॲलर्जी, छे.

भानुदास : आईवर जाऊ नकोस.

द्रौपदी : मी घोरण्यावर गेले. आणि सर्दीला काय करायचं ते मला कळतं. दरवेळी करतेच आहे. ओव्याची धुरी, वाफ, आणि डोक्यावरून गोधडी. घाम आला की सर्दी पळते.

रिया : आणि पळते?

द्रौपदी : दुसऱ्या दिवशी परत येते. मग परत गोधडी.

भानुदास : आणि माझी पिवळी गोळी. माझी बहीण सरलाताई पाठवते ना, नाशिकहून कुणी येणार असलं की. सकाळी एक, रात्री एक. फार गुणी गोळी आहे. घेतली की जग कसं शांत होतं.

रिया : आजोबा, ती गोळी उद्या खिशात घालून आणा. डॉक्टरला दाखवू.

* * *

द्रौपदी : सावकाश घे गं. पुढं गोल चौक आहे.

रिया : दिसतोय मला, आजी. तू मागे बसून ब्रेक दाबू नकोस, तिथं ब्रेक नाहीये. आजोबा जागे आहेत का?

भानुदास : जागा आहे. तुझी आजी मागून छत्री टोचते आहे.

द्रौपदी : डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, पुढचा महिनाभर तुम्ही गाडी चालवायची नाही. शेजारी बसताना झोपायचं नाही हे मी सांगते आहे.

रिया : ती किती छान होती ना? लगेच हसली. आजोबांना विचारलं, डू यू स्नोर? आजोबा म्हणाले, नेव्हर. मग तिनं आजीला विचारलं, तुम्ही कुठे झोपता?

द्रौपदी : मी म्हटलं, हॉलमधल्या सोफ्यावर. दोन हिवाळे झाले.

रिया : तिथेच केस क्लोज.

भानुदास : आणि ते घड्याळ काढायला सांगितलं ना कागदावर, त्यात काही चूक होती का?

रिया : चूक काहीच नव्हती. तुम्ही सगळे आकडे मराठीत काढलेत. ती कागद फिरवून फिरवून बघत होती. मी तिला एकेक ट्रान्सलेट करून दिलं. ती म्हणाली, ब्यूटिफुल.

भानुदास : नाशिकरोडच्या प्रेसमधला माणूस आहे मी. आयुष्यभर छापलेले आकडे तपासले.

द्रौपदी : रिया, मला परत एकदा नीट सांग ती काय म्हणाली. भरभर बोलत होती.

रिया : ओके. आजोबांचं नाक आतून सुजलंय. आजचं नाही, कित्येक वर्षांचं असेल म्हणाली. नाक बंद, म्हणून रात्री तोंडानं श्वास. म्हणून घोरणं. मध्ये मध्ये श्वास अडकतो, म्हणून नीट झोप होत नाही, त्यांना स्वतःला कळत पण नाही.

भानुदास : मला तर वाटायचं मी ढाराढूर झोपतो.

रिया : सगळं जग तेच समजत होतं. मग दिवसा पेंग येते. त्यात ती पिवळी गोळी. जुन्या टाइपची आहे, झोप आणणारी. ही घेऊन गाडीच चालवायची नाही म्हणाली.

द्रौपदी : आणि कान?

रिया : नाकातून कानाला एक बारीक नळी असते. ती पण बंद. कानाच्या पडद्यामागे पाणी साठलंय. म्हणून ऐकायला कमी येतं. आणि कपाळ दुखतं ते पण तेच.

द्रौपदी : थांब. म्हणजे विसरतात ते?

रिया : ती म्हणाली, झोपेत असलेल्या माणसाच्या कानावर जे पडलंच नाही, ते लक्षात कुठून राहणार? आधी नाक दुरुस्त करू. मग परत तपासते. डोक्याचं बाकी काही असेल तर तेव्हा कळेल.

द्रौपदी : असेल तर.

रिया : असेल तर, आजी. ती असंच म्हणाली.

भानुदास : एका नाकानं किती उद्योग केले बघ. घोरणं, कान, डोकं, झोप, पाव.

रिया : आता मुख्य गोष्ट. रक्त घेतलंय, रिपोर्ट आला की फोन करतील. पण तिला डाउट आहे डस्ट माइट्सचा. धुळीतले किडे, इतके बारीक की डोळ्यांना दिसत नाहीत. अंथरुणात राहतात. आपली गळलेली कातडी खातात.

द्रौपदी : किडे? माझ्या घरात?

रिया : सगळ्यांच्या घरात, आजी.

द्रौपदी : मी आठवड्यातून दोनदा व्हॅक्यूम मारते. तुझ्या आईला विचार. त्या डॉक्टरीणबाईंना घरी बोलव एकदा, माझं स्वयंपाकघर दाखवते.

रिया : घाणीमुळे नसतात गं. आपलं घर ओलं आहे, जुलैमध्ये भिंतींना पाणी सुटतं, त्यांना आवडतं तसं. तिनं विचारलं, अंगावर काय घेता? आणि आजोबांनी सांगितलं, डुव्हे. इथली धुतलेली, नवीन दुलई.

भानुदास : मग? आहे की डुव्हे.

रिया : कपाटात आहे. पिशवीत. प्राइस टॅगसकट. तुम्ही डॉक्टरशी खोटं बोललात.

भानुदास : डुव्हे आमच्या घरी आहे की नाही एवढंच मी सांगितलं. द्रौपदा, तू पण काही बोलली नाहीस.

द्रौपदी : मी कशाला बोलू? तुमच्या आईनं शिवलेली गोधडी. तिच्याबद्दल मी तोंड उघडलं की तुम्ही म्हणणार, बघा, लग्न झाल्यापासून ही या दिवसाची वाट बघत होती.

भानुदास : बघतच होतीस.

द्रौपदी : बघत होते. म्हणून तर गप्प बसले. रिया, गोल चौक.

रिया : तो मगाशीच गेला, आजी.

* * *

रिया : क्लिनिकचा फोन होता. रिपोर्ट आला. डस्ट माइट्स. खूप हाय. नर्स म्हणाली, इतका आकडा तिनं पण फारसा बघितलेला नाही.

भानुदास : बघ, इथंही पहिला नंबर.

द्रौपदी : हसू नका.

रिया : मी तिला गोधडीचं सांगितलं. सॉरी आजोबा. तिनं विचारलं, शेवटची कधी धुतली?

द्रौपदी : भीमजयंतीला धुतात.

रिया : कोणत्या?

द्रौपदी : दरवर्षीच्या. चौदा एप्रिलच्या आधी घर झाडायचं, रंग द्यायचा, सगळ्या गोधड्या दारणेवर न्यायच्या. नदीच्या दगडांवर वाळत टाकल्या की कडकडीत. चैत्राचं ऊन ते. रात्री अंगावर घेतली तर चटका बसायचा. पहाटे निघायचो आम्ही बाया, डोक्यावर ओझी, कमरेला भाकरी बांधलेली...

रिया : आजी, ही गोधडी. इथली.

द्रौपदी : इथं कुठलं ऊन एप्रिलमध्ये? आम्ही आलो त्या वर्षी एप्रिलात पाऊस लागला. कशी वाळणार? म्हटलं पुढल्या जयंतीला. पुढल्या जयंतीला परत पाऊस.

रिया : आणि त्याच्या पुढल्या?

द्रौपदी : या देशात भीमजयंतीला दरवर्षीच पाऊस असतो.

रिया : म्हणजे तुम्ही न्यूझीलंडला आल्यापासून ती धुतलेलीच नाही.

द्रौपदी : वेळच आली नाही.

रिया : आजी, उन्हाळा आत्ता आहे. जानेवारीत. बाहेर बघ, डेकवर चपलेशिवाय उभं राहता येत नाही. आत्ता का नाही धुवायची?

द्रौपदी : आत्ता? जयंती एप्रिलमध्ये असते.

रिया : जयंती एप्रिलमध्येच राहू दे ना. ऊन जानेवारीत आहे.

द्रौपदी : अहो, ऐकलंत का? इतकी वर्षं आपल्याला हे सुचलं कसं नाही?

भानुदास : कारण ती धुवायची नाहीये. मी धुऊ देणार नाही.

रिया : का पण?

भानुदास : आईनं शेवटची शिवलेली ती. आत तिची लुगडी आहेत. ती गेल्यावर सरलाताईनं मागितली, मी दिली नाही. विमानात वजन जास्त भरलं तेव्हा माझे बूट काढले, ही नाही काढली. तिला आईचा वास आहे. गरम पाण्यात घातली की गेला.

द्रौपदी : वास आहे?

भानुदास : आहे.

द्रौपदी : तुम्हाला येतो?

भानुदास : का नाही येणार?

द्रौपदी : मागच्या आठवड्यात आमटी करपून कोळसा झाली. तुम्ही पातेल्यासमोर बसून पेपर वाचत होतात. धुराची घंटा वाजली, शेजारची बाई धावत आली, तेव्हा तुम्ही मान वर केलीत. काय झालं विचारलंत.

भानुदास : वाऱ्याची दिशा उलटी असेल.

द्रौपदी : घरात?

रिया : एक टेस्ट घेऊया. आजोबा, डोळे मिटा. हे काय आहे, वास घेऊन सांगा.

भानुदास : अं... गोधडी. बघ. आईचाच वास.

रिया : आजोबा, हे बाबाचे जिमचे सॉक्स आहेत.

द्रौपदी : झालं समाधान?

भानुदास : तरीपण नाही. मला वास येवो न येवो, तो तिथं आहे ना. असू दे. मी शिंकेन. दुपारी झोपेन. नाही चालवणार गाडी. म्हाताऱ्या माणसानं झोपलं तर कुणाचं काय बिघडतं?

द्रौपदी : माझं बिघडतं.

भानुदास : तू झोपतेस हॉलमध्ये निवांत.

द्रौपदी : मी झोपत नाही. ऐकत पडते. तुम्ही आत घोरता, मध्येच थांबता. एकदम शांत. मी उठून दाराशी येते. परत घोरायला लागलात की मग मी जाऊन पडते. तुम्हाला कधी सांगितलं नाही.

भानुदास : द्रौपदा...

द्रौपदी : आणि दिवसा वेगळंच. तुम्ही पाव विसरलात की मला तुकारामभाऊजी दिसतात. ते आधी भाजीच विसरायचे. सगळे हसायचो आपण. मग नावं विसरले. मग एक दिवस फाटकात उभे राहून आशालतावहिनींना विचारलं, बाई, आपण कोण? चाळीस वर्षांच्या संसारातली बायको. ती त्यांना म्हणाली, मी शेजारची. काय करणार बिचारी. मला शेजारची व्हायचं नाहीये.

रिया : आजी...

द्रौपदी : डॉक्टरीण म्हणते नाक असेल. फक्त नाक. असं एखाद्या बाईला सांगितल्यावर तिनं काय करायचं हो? एका चादरीपायी गप्प बसायचं? तुमच्या आई आज असत्या ना, तर त्यांनीच ती ओढून काढली असती तुमच्या अंगावरून, चार शिव्या देऊन. तेवढं त्यांचं मी मानते.

भानुदास : ...मशीनमध्ये घालायची नाही.

द्रौपदी : नाही घालत.

भानुदास : टाके तुटले तर?

द्रौपदी : मी घालीन. त्यांच्यासारखे नाही येणार. पण घालीन.

भानुदास : घे मग. मी बागेत जाऊन बसतो. मला बघवणार नाही.

* * *

(न्हाणीघर. टबात गोधडी, तिच्यावर उकळतं पाणी; काठावर पदर खोचलेली आजी आणि पोहण्याच्या कपड्यांत नात.)

रिया : ही चौथी केटल. आजी, पाणी बघ. चहा झालाय.

द्रौपदी : बघू नकोस. बॅट दे तुझ्या बापाची.

रिया : ही बॅट त्यानं फ्रेम करायला ठेवली होती. स्कूलमध्ये शेवटची मॅच जिंकली ना.

द्रौपदी : आता कामाला आली. धोपाटणं म्हणून अगदी बेतशीर आहे. सरक. असं, अंग सैल सोडून मारायचं. मनगटानं नाही, खांद्यातून. पाणी निवलं की मग पायांनी तुडवू.

रिया : तुला अजून येतं.

द्रौपदी : हे विसरायला होत नाही. दर वर्षी मीच धूत होते. घरच्या आठ-नऊ गोधड्या. तुझ्या पणजी काठावर सावलीत बसायच्या, तपकीर ओढत, आणि सांगायच्या, तिकडचा कोपरा राहिला.

रिया : म्हणजे त्या धूतच नव्हत्या?

द्रौपदी : शिवायच्या मात्र सुंदर. कबूल करते. हा टाका बघ, तांदळाएवढा. मी कितीदा बसले शिकायला. मला म्हणायच्या, तुझा हात पाण्यासाठीच आहे.

रिया : सो मीन. किती दुष्ट.

द्रौपदी : तेव्हा लागलं होतं मनाला. आता वाटतं खरंच म्हणत होत्या. आणि त्यांच्या अंथरुणाला वास यायचा तो तपकिरीचा. नव्या नवरीला तो सहन व्हायचा नाही, शिंका यायच्या. मग मी वाळलेल्या गोधड्यांच्या घड्यांत नीलगिरीचा पाला घालायला लागले. दारणेच्या वाटेवर झाडं होती. साबण, ऊन आणि नीलगिरी. घर कसं... आत्तासुद्धा येतो बघ मला.

रिया : वेट. आजोबा म्हणतात तो आईचा वास...

द्रौपदी : तोच असणार. दुसरा कुठला?

रिया : तो आईचा नाहीच मग. तुझा आहे. आजी, त्यांना सांग ना.

द्रौपदी : कशाला? पंच्याहत्तराव्या वर्षी माणसाची आई काढून घ्यायची? राहू दे. तू पण बोलायचं नाहीस. मार बॅट.

रिया : वाळवायची कुठे पण? ओली झाल्यावर हत्तीएवढी जड आहे. दोरी तुटेल.

द्रौपदी : त्या तुझ्या उड्या मारायच्या जाळीवर टाकू.

रिया : ट्रॅम्पोलिनवर? ओ माय गॉड. एकदम स्वीट. आणि पाला? कॉलेजच्या मागे आहेत नीलगिरीची झाडं, ढीगभर.

द्रौपदी : जा घेऊन ये. आधी कपडे घाल.

* * *

भानुदास : सही केली गं. बघ कागद. गाडी चालवायला हरकत नाही. घड्याळ परत काढायला लावलं, या वेळी इंग्रजी आकडे घातले. पाच वस्तू सांगितल्या आणि मागाहून विचारल्या. पाचही सांगितल्या.

रिया : सहा सांगितल्या, आजी. एक तिनं मागच्या वेळी सांगितलेली होती.

द्रौपदी : आणि कान?

भानुदास : उघडले. तुझी छत्री मागून सरकली तरी ऐकू येते. नाकात फवारा मात्र रोज मारायचा, बरं वाटतं म्हणून सोडायचा नाही.

द्रौपदी : नाक परत आलंय ते आम्हाला पुरतं कळलंय. आल्यापासून भांडतंच आहे. दुधाला वास लागलाय, कचऱ्याचा डबा धुतला नाही, नागसेननं बूट बाहेर काढावेत.

रिया : माझ्या परफ्यूमला फिनेल म्हणाले.

भानुदास : आहेच तसा. बरं, आता शब्द पाळ. नाक आल्याशिवाय गोधडी नाही म्हणाली होतीस. आलं नाक. आण.

द्रौपदी : आणते. कपाटात वर आहे, उशीच्या खोळीत... हां. हळू. एक कोपरा उसवला होता तो मी शिवलाय. माझा टाका लगेच ओळखू येईल तुम्हाला, मोठा आहे.

रिया : शेजारची, कुक आयलंड्स बेटांवरची आँटी कुंपणावरून बघून गेली. म्हणाली, इट्स अ ट्रेझर. त्यांच्याकडे पण बायका एकत्र बसून शिवतात. ट्रॅम्पोलिनवर वाळत टाकलेली मात्र तिनं पहिल्यांदाच बघितली.

द्रौपदी : घ्या वास. सावकाश. काय आहे ते आहे, मनाला लावून घ्यायचं नाही.

रिया : आजोबा?

भानुदास : थांब जरा.

द्रौपदी : अहो, आईंचा थोडाफार राहिला असेलच की. आत लुगडी त्यांचीच आहेत. तेवढा गरम पाण्यानं...

भानुदास : हा आईचा नाही.

द्रौपदी : नाही?

भानुदास : आईला तपकिरीचा वास यायचा. आत्ता आठवलं. कुशीत घेतलं की मला शिंक यायची. हा तो नाही.

द्रौपदी : मग कशाचा आहे?

भानुदास : मी पहिल्या पाळीहून घरी यायचो. तू दारणेवरून यायचीस, डोक्यावर गोधड्या, कोपरापर्यंत हात पांढरे पडलेले. जिन्यात माझ्या शेजारून वर जायचीस. आई बघतेय म्हणून बोलायची नाहीस. जिन्यात हा वास मागे राहायचा. मी तिथंच थोडा वेळ थांबायचो, बुटाची लेस बांधत.

रिया : आजी, मी काही बोलले नाहीये. प्रॉमिस.

द्रौपदी : तुमच्या बुटांना लेस नव्हती तेव्हा. प्रेसमध्ये चपला घालून जायचात.

भानुदास : तेच म्हणतोय. चपला घालूनच बांधत बसायचो.

द्रौपदी : म्हणजे डोकं ठिकाणावर आहे तुमचं.

भानुदास : डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलंय तसं.

द्रौपदी : रिया.

रिया : काय, आजी?

द्रौपदी : हॉलमध्ये सोफ्यावर माझी उशी आहे. ती जरा आत आणून ठेव.